रेषेवरून काढलेले चेंडू

१२ नोव्हेंबर १९७३, सोमवार

आजपासून मी हॅव्हरसी टाउनचा मॅनेजर. हे वाक्य लिहून दोनदा वाचलं. शाई वाळली तरी तेच लिहिलेलं आहे, म्हणजे खरं असणार.

आधीचे मॅनेजर शनिवारच्या पराभवानंतर मैदानातून थेट घरी गेले, ते परत आलेच नाहीत. आज दुपारी चेअरमननी मला बोलावलं. म्हणाले, "ॲलेक, चौदा वर्षं तू गोलमध्ये उभा आहेस. अख्ख्या संघाला पाठीमागून पाहिलंयस. कोण कुठे चुकतं हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?"

मी विचारलं, "आणि गोलमध्ये कोण?"

"ते आता मॅनेजरनं ठरवायचं."

मॅनेजरनं तिथल्या तिथे ठरवलं. मीच. अडतिसाव्या वर्षी गोलकीपर म्हातारा होत नाही, मुरतो.

वही नोरानं आणून दिली. "मैदानावर काय ओरडायचं ते ओरड," म्हणाली, "पण जेवताना मला पुन्हा अख्खा सामना ऐकवू नकोस. यात लिही. आणि नुसत्या तक्रारी नकोत. काही चांगलं घडलं तर तेही लिहीत जा." तर चांगलं हे, की ज्या मैदानाची भिंत माझ्या बापानं विटा रचून बांधली त्या मैदानाची किल्ली आज माझ्या कोटाच्या खिशात आहे.

वाईट हे, की चौथ्या विभागातल्या चोवीस क्लबांत आम्ही तेविसावे. शेवटच्या चौघांना उन्हाळ्यात बाकीच्या क्लबांपुढे उभं राहून मतं मागावी लागतात, की बाबांनो, आम्हाला लीगमध्ये राहू द्या. गेल्या वर्षी आम्ही मागितली आणि मिळाली. पण देणाऱ्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, पुन्हा आलात तर बघा. म्हणजे एप्रिलअखेर विसावा नंबर तरी हवाच. नाहीतर आमच्या गावाला शनिवार उरणार नाही.

१७ नोव्हेंबर, शनिवार

जिंकलो! एक-शून्य. मॅनेजर म्हणून पहिला सामना आणि पहिला विजय.

दुसऱ्या अर्ध्यात त्यांच्या पोरानं डावीकडून मारलेला चेंडू माझ्या हातापलीकडून गेला होता, पण डग्गी रेनिक कुठून आला कोण जाणे, त्यानं रेषेवरून लाथाडला. डग्गी आमचा कॅप्टन, बचावाच्या मधोमध उभा राहणारा. लोखंडाच्या कारखान्यात वाढलेला, आणि डोकंही तिथलंच. त्याला सोमवारी पॅटिस द्यायचा आहे.

ही इथली रीत माझ्याही आधीची. चेंडू गोलकीपरला चकवून गेला आणि कुणी रेषेवरून बाहेर काढला, तर गोलकीपरनं त्याला ऑल्डक्रॉफ्ट बाईंच्या बेकरीतला गरम खिमा पॅटिस द्यायचा. सोमवारी, सगळ्यांसमोर. देताना कुणी काही बोलायचं नाही. लाजायचं काम गोलकीपरचं, मिरवायचं काम खाणाऱ्याचं.

सामना संपल्यावर नेहमीप्रमाणे दोन्ही खांबांना थोपटून आभार मानले. डाव्याला जरा जास्त, कारण एक चेंडू त्यालाही लागून परत आला.

१९ नोव्हेंबर, सोमवार

डग्गीनं पॅटिस खाल्ला, बोटं चाटली आणि पोटावर हात फिरवत अख्ख्या खोलीला फेरी मारली. रीत म्हणजे रीत.

मॅनेजर झाल्यापासून तो मला "मालक" म्हणतो. काल-परवापर्यंत "ए म्हाताऱ्या" म्हणायचा.

विजेची टंचाई म्हणून सरकारनं मैदानावरचे मोठे दिवे लावायला बंदी केली आहे. आता सगळे सामने दुपारीच. बरं झालं. मला ते दिवे पहिल्यापासून आवडत नाहीत.

८ डिसेंबर, शनिवार

शून्य-शून्य. दोन पॅटिस.

एक गंमत लिहून ठेवतो. सामन्याआधी मी गोलच्या बरोबर मध्यावरून टाचेनं पुढे रेघ ओढतो. खांब कुठे आहेत ते मागे वळून बघायला नको म्हणून. सगळेच गोलकीपर ओढतात. आज पाहतो तर आमचा ट्रेनर ह्यूबर्ट त्या रेघेवर मुठीमुठीनं लाकडाचा भुसा टाकत होता. पांढरी फटक रेघ झाली. म्हटलं, "ह्यूबर्ट, हे काय नवीन?" म्हणाला, "चिखल फार आहे. तुझी रेघ बुजते." बादली आणि स्पंज घेऊन तीस वर्षं हा माणूस पोरांच्या मागे धावतोय, आणि अजून नवीन काहीतरी शोधून काढतो. असा माणूस क्लबाला मिळायला भाग्य लागतं.

२६ डिसेंबर, बुधवार

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावाशी सामना. कधी नव्हे ते मैदान भरलं. दोन-दोन.

तीन पॅटिस! दोन डग्गीला, एक उजव्या बाजूच्या पोराला. माझा बचाव बहरात आलाय. गेल्या मॅनेजरच्या हाताखाली हीच माणसं पेंगत होती. मी काय वेगळं केलं हे मलाच नीट सांगता येणार नाही, पण पोरं जीव टाकतात हे खरं.

आयव्हर पेलोला मात्र बोलायला हवं. आयव्हर आमचा राखीव गोलकीपर. मूळचा खाली कॉर्नवॉलकडचा, पोस्टमन, एकतीस वर्षांचा. सामन्याला बारा जणांचीच नावं जातात, त्यामुळे त्याला खेळायला मिळत नाही. तो पोस्टाचा रेनकोट घालून माझ्या गोलच्या मागे उभा राहतो आणि पूर्णवेळ तोंडाचा पट्टा चालू. "डावीकडे आला! लांबचा खांब! आता उजवीकडे!" गोल झाला की, "गेला तो. पुढचा बघ." आज मी वळून म्हटलं, "आयव्हर, मला दिसतंय रे बाबा!" तर तो गप्प झाला आणि लगेच पुढचा गोल झाला. डग्गी धावत आला, "मालक, त्याला बोलू द्या. त्याचा पायगुण चांगला आहे."

राहू दे. तेवढाच त्याचा जीव रमतो. दोन वर्षं त्याची टपालाची फेरी संपली की मी त्याला दुपारी सराव देतो. हात सोन्याचे आहेत त्याचे. पण माझ्या मागे राहणं त्याच्या नशिबात आहे, त्याला मी तरी काय करणार?

२० जानेवारी १९७४, रविवार

रविवारी, चर्चच्या दिवशी सामना! माझ्या आईनं पाहिलं असतं तर दोन दिवस जेवली नसती. वीज वाचवायला कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालतात, म्हणून लोक रिकामे, म्हणून मैदान भरलेलं. दोन-एक जिंकलो. एक पॅटिस.

सकाळी चहा ओतताना कपाच्या बाजूला ओतला. टेबलक्लॉथ भिजला. मी म्हटलं, या नव्या किटलीची चोच वाकडी आहे. नोरा म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं. डोळे तपासून घे." मी म्हटलं, दोन वर्षांपूर्वी डाव्या डोळ्याशी लाथ बसली होती, तेव्हापासून ऊन आडवं आलं की जरा पाणी येतं, एवढंच. ती टेबलक्लॉथ उचलून घेऊन गेली.

नोरा काळजी करते. काळजी करणारं माणूस घरात असणं ही काही लहान गोष्ट नाही.

१६ फेब्रुवारी, शनिवार

सलग पाच सामने हरलो नाही. एकोणिसावे! गावच्या वर्तमानपत्रात आलंय की, ॲलेक थ्रेलकेल्डनं बचावाची भिंत उभी केली आहे. नोरानं वाचून दाखवलं. हल्ली त्यांची छपाई फार पुसट येते.

भिंत खरीच. सगळी फळी डावीकडे जरा जास्त झुकून उभी राहते, असं ह्यूबर्टही म्हणाला. मी शिकवलं नव्हतं. चांगल्या संघाला न सांगता कळतं.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

आज आयव्हरला दुसऱ्या क्लबनं मागणी घातली. आमच्याच विभागातला, चांगला सातव्या नंबरचा. लगेच पहिला गोलकीपर म्हणून. मी मनापासून म्हटलं, "जा! तुझी वेळ आली."

तो टोपी हातात फिरवत उभा राहिला. "नको. एवढा मोसम जाऊ दे."

"अरे वेड्या, एकतीस वर्षांचा आहेस. अशी मागणी पुन्हा येते काय?"

"येईल नाहीतर नाही येणार. तुम्ही दोन वर्षं माझ्यासाठी पावसात उभे राहिलात, एक पैसा न घेता. मग मला अडीच महिने जड आहेत काय?"

उभं कशाला राहायचं, कुणासाठी, काही कळलं नाही. कॉर्नवॉलची माणसं अशीच, बोलायचं असतं एक आणि बोलतात दुसरंच. त्याची बायको मेगन गरोदर आहे, घर हलवायचं नसेल. पण गेला नाही म्हणून मला बरं वाटलं, हेही खरं लिहितो. गोलच्या मागे त्याच्या आवाजाची सवय झालीय.

३० मार्च, शनिवार

हरलो, पण एकाच गोलनं. दोन पॅटिस. ऑल्डक्रॉफ्ट बाई म्हणाल्या, "ॲलेक, तुझ्यासाठी मी आता सोमवारी चार जास्तच करते." प्रेमळ बाई.

मैदानावरच्या दिव्यांची बंदी उठलीय. आमच्या वाट्याला अजून संध्याकाळचा सामना आलेला नाही.

१७ एप्रिल, बुधवार

पाच.

पहिल्या अर्ध्यात शून्य-शून्य होतं. उजेड होता. मध्यंतरानंतर अंधारून आलं, दिवे लागले आणि पाच गोल झाले. प्रत्येक दिव्याभोवती पांढरी झालर होती आणि चेंडू त्या झालरीत शिरला की बाहेर येईपर्यंत गोलमध्ये असायचा. वायरमनला दिवे तपासायला सांगितले आहेत.

आयव्हर नव्हता. दुपारी मेगनच्या कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. त्याबद्दल देवाचे आभार. आज आभार मानण्यासारखं दुसरं काही नाही.

डग्गी सामन्यानंतर माझ्याकडे बघेना. मला वाटलं, चिडलाय. पण तो रडत होता.

१९ एप्रिल, शुक्रवार

वायरमन म्हणाला, दिव्यांना काही झालेलं नाही.

बेकरीत गेलो. परवा संघात कुणी रेषेवरून काही काढलं नव्हतं, पण आयव्हरच्या घरी केक न्यायचा होता. ऑल्डक्रॉफ्ट बाई कागदात बांधत म्हणाल्या, "या वर्षी पोरांची चैन झाली हो. पूर्वी वर्षाला दोन, फार तर तीन पॅटिस न्यायचास तू, आणि तेही तोंड पाडून. यंदा बावीस झाले आणि तू हसत नेतोस."

मी दुकानातून बाहेर आलो, रस्ता ओलांडला आणि केक हातात घेऊन समोरच्या भिंतीशी उभा राहिलो. बावीस वेळा चेंडू माझ्या मागे गेला होता. मी त्याला बचाव म्हणत होतो.

मग उजवा डोळा हातानं झाकला. रस्त्यापलीकडे बेकरीची पाटी आहे हे मला माहीत होतं म्हणून ती तिथे होती. नाहीतर नुसतं दूध.

सरावाला डग्गीला भांडाराच्या खोलीत घेतलं आणि दार लावलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून, मालक?"

"खोटं बोलतोस तेव्हा तुझे कान लाल होतात."

तो बाकावर बसला. "ऑगस्टपासून. डावीकडचं काही तुला दिसत नाही हे पहिल्याच सामन्यात कळलं."

"कुणाकुणाला?"

"सगळ्यांना. ह्यूबर्टला, आयव्हरला. सगळ्या फळीला. नोरावहिनींनाही शंका होती."

"आणि मला सांगावंसं कुणाला वाटलं नाही?"

"सांगणार कुणाला? आधीच्या मॅनेजरला सांगितलं असतं तर त्यांनी तुला तिथल्या तिथे काढलं असतं. आणि नोव्हेंबरपासून मॅनेजर तू, गोलकीपर तू. गोलकीपरची तक्रार घेऊन मॅनेजरचं दार वाजवावं, तर दार उघडायला गोलकीपरच!" मग खाली बघत म्हणाला, "आणि तो पास माझा होता."

"कुठला पास?"

"दोन वर्षांपूर्वीचा. मी मागे ढिला पास दिला, त्यांचा पोरगा धावून आला, तू त्याच्या पायात उडी घातलीस. लाथ तुझ्या डोळ्याला बसली. माझ्या मूर्खपणाची लाथ. तू उठलास, थुंकलास आणि मला म्हणालास, गेलं ते, पुढे खेळ. नंतर कधी विषयसुद्धा काढला नाहीस."

मला खरंच तो पास आठवत नव्हता. पण त्या वेळी मला आठवण नको होती, मला राग हवा होता. मी त्याला नाही नाही ते बोललो. तुम्ही मला माकड केलंत, म्हणालो. सर्कशीतलं. उद्याच्या सामन्यात कुणी डावीकडे झुकायचं नाही, प्रत्येकानं आपली जागा धरायची आणि आयव्हरनं घरी आपल्या मुलीपाशी बसायचं. बघू या.

केक खोलीतच राहिला.

२० एप्रिल, शनिवार

बाहेरगावी हरलो, दोन-शून्य. दोन्ही गोल डावीकडून. पोरांनी माझा हुकूम पाळला. प्रत्येकानं आपली जागा धरली आणि मान खाली घालून बघत राहिले.

विसाव्यावर आलोय. एकविसावा क्लब एका गुणानं मागे. एक सामना उरला. जिंकण्याचे गुण दोन आणि गोलांच्या हिशेबात आम्ही पुढे, म्हणजे पुढच्या शनिवारी घरी किमान बरोबरी हवी.

माझ्या हट्टापायी एक सामना घालवला, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला सहा महिने सुनावलं असतं.

२२ एप्रिल, सोमवार

नोरा बरोबर आली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दहा मिनिटं बॅटरी मारली आणि म्हणाले, "मोतीबिंदू. मार लागल्यानंतर असा हळूहळू वाढतो, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. उन्हाळ्यात शस्त्रक्रिया करू. वाचायला, गाडी चालवायला दिसेल." मग माझ्या हातांकडे बघून विचारलं, "काम काय करता?"

नोरा म्हणाली, "मॅनेजर आहेत."

गोलकीपर म्हणाली नाही. सोळा वर्षांच्या संसारात तिनं पहिल्यांदाच असं सांगितलं. बसमध्ये तिनं माझा हात धरून ठेवला होता. मी म्हटलं, "तुला माहीत होतं." ती म्हणाली, "किटलीची चोच सरळ आहे, ॲलेक." मग आम्ही दोघंही हसलो आणि समोरची म्हातारी मागे वळून बघायला लागली.

२४ एप्रिल, बुधवार

दोन दिवस ही वही पुन्हा वाचून काढली. पहिल्या पानापासून. इतकं ढळढळीत लिहिलेलं आहे, आणि लिहिणारा कोण, तर मी. भुशाची रेघ. तोंडाचा पट्टा. "चांगल्या संघाला न सांगता कळतं." अरे गाढवा!

राग शोधत होतो, सापडला नाही. अख्खा मोसम अकरा माणसांनी माझ्या एका डोळ्याची जागा भरून काढली. ज्याची जागा मी अडवून बसलो होतो, तो मागे पावसात उभा राहून मला चेंडू दाखवत होता, चालून आलेली नोकरी सोडून. आणि मी त्याला म्हणालो होतो, मला दिसतंय रे बाबा.

लोक आयुष्यभर देवाकडे काय काय मागतात. मला न मागता एवढं मिळालं आणि मी ते बचावाच्या फळीच्या नावावर लिहून मोकळा झालो.

२६ एप्रिल, शुक्रवार

दुपारी संघाची यादी फळ्यावर लावली. पहिलं नाव: आयव्हर पेलो. माझ्याच हातानं लिहिलं. अक्षर तेवढं वाकडं आलं.

ह्यूबर्टनं नाक शिंकरलं. डग्गी यादीपाशी गेला, बोट ठेवून वाचलं, माझ्याकडे वळला. "मालक, खात्री आहे?"

"गोलकीपरनं फार तक्रारी केल्या," मी म्हटलं. "पण मॅनेजरनं ऐकलं नाही."

खोली हसली. आयव्हर हसला नाही. तो पांढराफटक पडला होता. बाहेर मला गाठून म्हणाला, "दोन वर्षांत एक खरा सामना नाही खेळलो मी. उद्याच? आणि तुम्ही कुठे बसणार, बाकावर?"

"उंटावरून शेळ्या हाकायला? छे. तुझा रेनकोट दे."

२७ एप्रिल, शनिवार

पोस्टाचा रेनकोट मला खांद्यात घट्ट होतो. एक बटण तुटलं, ते मेगनला लावून द्यायला हवं.

गोलच्या मागे उभा राहिलो. चौदा वर्षांत इथून कधी पाहिलं नव्हतं, जाळीच्या मागून. पाठीशी गावातले पाचेक हजार लोक, आणि त्यातल्या प्रत्येकाला प्रश्न, की ॲलेक रेनकोटात काय करतोय.

आठव्या मिनिटाला आयव्हरच्या हातातून साधा चेंडू निसटला. असा चेंडू माझी नोरा सफरचंदं सोलता सोलता पकडेल. एक-शून्य मागे. लोक खवळले. "ॲलेकला आणा!" सुरू झालं. कुणीतरी माझ्या कॉलरला मागून ओढलं, "जा ना रे बाबा आत, बघतोस काय!" यादीत नाव नसताना जाणार कसा? आणि असतं तरी गेलो नसतो. पण खरं लिहितो, पाय आत ओढले जात होते.

आयव्हरनं मागे वळून बघितलं. शाळेत छडी खाल्लेल्या पोराचं तोंड.

मी म्हटलं, "गेला तो. पुढचा बघ."

तो पुढे वळला.

मग मी बोलतच राहिलो. डावीकडे आला, लांबचा खांब, आता उजवीकडे, सोड, बाहेर चाललाय. त्याला गरज नव्हती, त्याचे दोन्ही डोळे शाबूत आहेत. पण एकट्या माणसाच्या पाठीशी एक आवाज असावा, एवढं मला कळलं आहे. मध्यंतरानंतर आम्ही दुसऱ्या बाजूला गेलो. मीही मैदानाला वळसा घालून गेलो, लोक शिव्या घालत होते, काही हसत होते. सत्तराव्या मिनिटाला आमच्या पोरानं डोक्यानं बरोबरी केली. एक-एक. आयव्हरनं त्यानंतर दोन चेंडू असे अडवले, की माझ्या उमेदीतही मला जमले नसते.

शेवटची चार मिनिटं. त्यांना कॉर्नर. सगळी गर्दी गोलसमोर. माझ्या उजव्या डोळ्याला दिसलं, की डाव्या खांबापाशी कुणीच नाही. मोसमभर त्या खांबाची काळजी वाहिलेला डग्गी आज मोकळा होऊन मध्ये गेला होता, कारण आज गोलकीपरला डावीकडचं दिसतं. छातीत हवा होती नव्हती तेवढी काढून ओरडलो, "डग्गी! डावा खांब!"

तो वळून का बघत बसेल? सवय. धावला. आयव्हरच्या बोटांना लागून चेंडू डाव्या खांबाशी आला आणि डग्गीनं रेषेवरून लाथाडला. माझ्या तोंडावर चिखल उडाला.

एक-एक. विसावे. लीगमध्ये आहोत, कुणाकडे मत मागायचं नाही. दोन्ही खांबांना थोपटलं. सगळे निघून गेल्यावर टाचेनं मधली रेघ पुसली. पुढची रेघ आयव्हरनं ओढायची.

२९ एप्रिल, सोमवार

मोसम संपला. बूट आणि मोजे जमा करायला सगळे आले होते. चहा झाला. जुन्या सवयीनं सकाळी मी बेकरीपाशी थांबलो होतो. काचेतून ऑल्डक्रॉफ्ट बाईंनी हातानं खूण केली की, तू जा, तुझं आज काही नाही.

आयव्हर सर्वांत शेवटी आला. हातात कागदात गुंडाळलेले दोन पॅटिस. एक डग्गीच्या हातात दिला. तो हक्काचाच होता. डग्गीनं घेतला, पण खाल्ला नाही, थांबला.

दुसरा आयव्हरनं माझ्यापुढे धरला.

चौदा वर्षांत मी पॅटिस दिलेत, घेतला कधी नव्हता. गोलकीपरला मिळतोच कशाला? कागद गरम होता. खोलीत रीतीप्रमाणे सगळे गप्प. ह्यूबर्टची बादलीसुद्धा वाजेना.

लाजायचं काम आयव्हरचं होतं, त्यानं ते नीट केलं. मिरवायचं काम माझं. खूप प्रयत्न केला, जमलं नाही.